दहाव्याचं भाषण

आमच्याकडं माणूस मोठा झाला की नाही, हे दहाव्याच्या भाषणावरून कळतं. मेलेला माणूस नव्हे, भाषण करणारा. प्रवरेच्या घाटावर सकाळी मांडव पडतो, खाली सतरंज्या, एका बाजूला गुरुजी पिंड मांडून बसलेले, दुसऱ्या बाजूला महाराजांचं प्रवचन, आणि प्रवचन संपलं की माइक पुढाऱ्यांच्या हातात. आमदार आला तर आमदार, नाही तर कारखान्याचा संचालक, नाही तर सोसायटीचा चेअरमन, अगदीच कोणी नसलं तर पतसंस्थेचा मॅनेजर. मेलेल्याला ओळखत असलं पाहिजे अशी काही अट नाही. दहाव्याला गेला नाही तर मतं जातात, आणि गेला पण बोलला नाही तर पेट्रोल जातं. लग्नाला एखादा चुकला तर माफ करतात. दहावा चुकलेला माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

माझे वडील गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आहेत. पण चार गावांत त्यांचं नाव आहे ते दुधामुळं नाही, श्रद्धांजलीमुळं. अण्णा बोलायला उभे राहिले की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागतात. पुरुष खाली बघत सतरंजीचे दोरे उपसतात. 'चेअरमन काय बोलतो राव' असं लोक परत जाताना म्हणतात, आणि अण्णा मान खाली घालून चपला शोधतात. ती भाषणं मी लिहिते. अकरावीपासून लिहिते आहे.

त्याची रीत ठरलेली. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसलेले, मी ओट्यावर.

"पोरी, दोन मिन्टाचं लिहून दे गं. बाई हुती."

"कशी होती?"

"कशी म्हंजे? म्हातारी हुती. माळकरी हुती."

"करायची काय?"

"काय करनार? घरीच असायची की. दोन पोरं हायेत, तीन पोरी. लिही तू, तुला येतंय."

एवढ्या भांडवलावर मी एक बाई उभी करायची. 'कष्टाळू, सोशिक, प्रेमळ. डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. आल्या-गेल्याला पाण्यावाचून जाऊ दिलं नाही. आपलं दुःख आपल्या उंबऱ्याच्या आत ठेवलं.' लिहून मोबाईलवरून अण्णांच्या मोबाईलवर पाठवायचं. दहा पावलांवर बसलेला बाप चष्मा कपाळावर सारून वाचायचा आणि म्हणायचा, "ब्येस." कॉलेजात मला कोणी कधी ब्येस म्हटलं नाही. तिथं 'मांडणी विस्कळीत' असा शेरा मिळतो.

मी संगमनेरला मराठी घेऊन एम.ए. करते आहे. हे वाक्य उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला पाठ आहे. आधी कीव, मग थोडा विचार, मग प्रश्न, "म्हंजे पुढं काय, कीर्तन?" भाऊ इंजिनिअर झाला, चाकणला कंपनीत आहे, त्याला हा प्रश्न कोणी विचारला नाही. माझं बारावीनंतर ठरवायला घरात फार वेळ लागला नाही. "मराठी घे. घरचीच भाषा हाय, आभ्यास काय करायचा त्यात? घरकाम बघून हुतंय," अण्णा म्हणाले. भाषणं लिहून मिळत राहतील, हे त्यांच्या मनात तेव्हा होतं की नाही, मला माहीत नाही. असेल. अण्णा दूध संस्थेत बसून एवढं शिकलेले आहेत की दाव्याला बांधलेली गाय बाहेरच्या गायीपेक्षा स्वस्त पडते.

वर्गात आम्ही बहुतेक मुलीच. अर्ध्या जणी स्थळ यायची वाट बघत असतात, आणि आलं की येईनाशा होतात. हजेरी घेताना मॅडम अशा नावावर थांबतात, आम्ही म्हणतो "लग्न झालं मॅडम", आणि त्या पुढचं नाव घेतात. तरीही सांगते, त्या वर्गात मला पहिल्यांदा कळलं की वाक्य खोटं असू शकतं. त्यात खोटी माहिती नसली तरी. मॅडम एकदा निबंध तपासून परत देताना म्हणाल्या, "ज्या वाक्यातलं नाव बदललं तरी ते दुसऱ्या कुणालाही लागू पडतं, ते वाक्य काढून टाका." माझ्या डोळ्यांसमोर अण्णांच्या मोबाईलमधली सगळी भाषणं आली. नावं बदलली तर तालुक्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना लागू पडली असती. किंबहुना पडलीच होती.

पण एम.ए.ला मी जाऊ शकले ते आत्यामुळं, आणि हे लिहिते आहे तेही तिच्याचसाठी.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि काही वर्षांनी परत आली, कारण तिला मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. ती दुसरी घरात आली त्या दिवशी आत्यानं तिच्यासाठी स्वयंपाक केला, जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं माहेरी आली. हे ती स्वतः सांगायची, हसत. "म्हनलं, तिला कळू दे तरी घरात मीठ कुठं हाय." तेव्हापासून आमच्या घरी. मी जन्मले तेव्हा ती होतीच. मला कळायला लागलं तेव्हा ती गोठ्यात होती आणि मी कॉलेजला जायला लागले तेव्हाही गोठ्यातच होती.

आमच्या सात गाया. पहाटे आणि संध्याकाळी दोन वेळा धारा, आणि डेअरीत दूध वेळेत पोचलं पाहिजे, नाहीतर चेअरमनच्याच घरचं दूध परत आलं म्हणून गावभर हसू. धारा काढायचं मशीन घ्यायची गोष्ट दर दिवाळीला निघायची. अण्णा म्हणायचे, "बायका हायेत की घरात. मशीन काय करायचंय?" त्या बायका म्हणजे आई, आत्या आणि मी. एम.ए.चे तास दुपारनंतरचे, परतीची बस येईपर्यंत संध्याकाळच्या धारा उरकलेल्या. आईनं आधीच सांगून टाकलं, जमायचं नाही. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच. आत्या वैरणीच्या पाट्या उतरवत होती. ती तिथूनच ओरडली, "तिच्या गाया माझ्याकडं दे. त्यांना कोन पिळतंय त्यानं काय फरक पडतोय? पोरगी जाऊ दे."

अण्णा म्हणाले, "आक्का, तुझी बोटं वाकडी झाली, तुला झेपंल का?"

"वाकडी हायेत, तुटली न्हाईत."

असा माझा एम.ए.चा प्रवेश झाला. तेव्हापासून माझ्या गायांच्या धारा आत्या काढायची आणि मी बसमधून उसाच्या ट्रॅक्टरमागं हळूहळू घरी यायचे.

माझी आत्या सोशिक नव्हती. हे मी मुद्दाम आधी सांगते. तोंडाळ होती, चहात चमचा उभा राहील एवढी साखर घालायची, जेवण झालं की मिशरी लावत पायरीवर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची बिनपाण्यानं करायची. गायांना ज्या शिव्या द्यायची त्या मी इथं लिहू शकत नाही. अण्णांना तर तोंडावर बोलायची. "चेअरमन झाला तरी शेन काढता आलं न्हाई अजून." घरात पाहुणे आले की तिला मात्र आत ठेवायचे. हळदीकुंकवाला ती नाही, ओटी भरायला नाही, सुवासिनी जेवायला बसल्या की ती चुलीपाशी. तिचा नवरा तिकडं धडधाकट होता, पण आमच्या घरानं तिला सवाष्णीत धरलं नाही आणि विधवेतही नाही. कुठंच धरलं नाही म्हटलं तरी चालेल. कामात तेवढं धरलं.

माझा अभ्यास तिच्यासमोर व्हायचा. ती कडबा कुट्टीचं मशीन थांबवून कांदे निवडायला बसली की मी नेमलेली कादंबरी मोठ्यानं वाचायची. तिला ऐकायला आवडायचं, पण तिची मतं भयंकर. एका नायिकेवर मी पाच पानांचं टिपण काढलं होतं. आत्या म्हणाली, "एवढी रडती, हिच्या घरी गाया न्हाईत का?" दुसऱ्या एका गोष्टीत सासू मरते आणि सून ढसाढसा रडते. आत्यानं कांदा हातात धरून मला थांबवलं. "खोटं हाय. आधी ती किल्ल्या बघंल." मी हसले, आणि परीक्षेत ते माझ्या भाषेत लिहिलं. त्या पेपरला मला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले.

गेल्या वर्षी आमच्या रानाच्या शेजारच्या वस्तीवरची म्हातारी वारली. मी वर लिहिली ती माळकरी, दोन पोरं आणि तीन पोरींची, ती हीच. आत्या दहाव्याला गेली. परत आली ती पाय धुवायच्या आधीच माझ्यापुढं उभी राहिली.

"तू लिव्हलंतं का ते?"

"हो."

"तुझ्या बापानं त्या म्हातारीची देवी केली. प्रेमळ म्हनं. बांधावरचं गवत कापलं म्हनून इळा घिऊन माझ्यामागं लागली हुती ती. मेल्या म्हशीला मणभर दूध."

"आत्या, दहाव्याला असंच बोलायचं असतं."

ती पायरीवर बसली, मिशरीची डबी काढली. बराच वेळ बोटानं दात घासत बसली. मग म्हणाली, "माझ्या टायमाला असलं काय लिव्हशील तर भूत हून मानगुटीवर बसंन."

"मग काय लिहू?"

"लिव्ह, की ही सोशिक नव्हती. जायला जागा नव्हती म्हनून ऱ्हायली. आन् ह्यांनी मला घरात ठिवलं न्हाई, कामाला ठिवलं. एवढं लिव्ह. बाकी तुझी काय फुलं घालायची ती घाल."

"अण्णा वाचतील का हे?"

"तो कशाला वाचंल? तू वाच. एवढाली पुस्तकं मला वाचून दावती, एक पान वाचायला काय हुतंय?"

मी हो म्हटलं. तोंडदेखलं नाही, खरंच म्हटलं. मला वाटलं, याला अजून खूप वर्षं आहेत.

थंडी सुरू झाली तेव्हा ती छातीत जड वाटतं म्हणायला लागली. धार काढताना मध्येच थांबायची आणि गायीच्या कुशीला डोकं टेकून बसायची. आईनं दोनदा सांगितलं की आक्काला संगमनेरला नेऊन दाखवा. अण्णा म्हणाले, संस्थेची सभा होऊ दे. सभा झाली. मग कारखान्याच्या एका संचालकाचा बाप वारला होता, त्याचा दहावा आला. त्याचं भाषण मी आदल्या दिवशीच लिहून दिलं होतं. त्या सकाळी आत्याला घाम फुटला होता, ती बाजेवर उठून बसली होती. आई अण्णांना म्हणाली, "आधी आक्काला दवाखान्यात घाला, मग जा कुठं जायचं ते."

"दोन तासांत येतो. आमदार येनार हाय तिथं, मला बोलायचंय."

आत्या बाजेवरून म्हणाली, "जाऊ दे गं त्याला. मेलेल्याला टायम नसतो. मला हाय."

गाडी गेली. गावातल्या सगळ्याच गाड्या त्या घाटावर गेल्या होत्या, मोठा दहावा होता. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती येईपर्यंत आत्या नव्हती. मागाहून मला आठवलं, त्या संचालकाच्या बापासाठी मी लिहिलं होतं, 'अडल्यानडल्याच्या हाकेला धावून जाणारा माणूस'. अण्णांनी ते त्याच वेळी माइकवर वाचलं असणार. मला त्या माणसाचा राग आला, मेलेल्या, कधीही न पाहिलेल्या. माझ्या बापाचा राग यायला मला अजून थोडा वेळ लागला. पण आला तो आला.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णा ओट्यापाशी आले. खुर्ची घेतली नाही, उभेच राहिले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. ते रडत नव्हते असं मी म्हणणार नाही. या दिवसांत त्यांना गोठ्यात जाऊन रडताना मी पाहिलं होतं.

"घरचं हाय ह्या वेळी," ते म्हणाले. "लोक येनार हायेत. चांगलं लिही."

"लिहिलंय."

मी मोबाईल नाही, कागद दिला. एकच पान. त्यात आत्यानं सांगितलेली तिन्ही वाक्यं होती, तिच्याच शब्दांत. ती सवतीला जेवायला वाढून आली ते होतं. वाकड्या बोटांनी माझ्या गायांच्या धारा काढायची म्हणून मी शिकते, ते होतं. ती घामानं भिजली होती तेव्हा गाडी कुठं होती, तेही होतं. विशेषण एकही नव्हतं. मॅडमनी बघितलं असतं तर कदाचित ब्येस म्हटलं असतं.

अण्णांनी दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी कागदाची घडी केली, अजून एक घडी केली, आणि खिशात घातला.

"हे वाचू मी? घाटावर?"

"तुम्ही नका वाचू. मी वाचते. तिनं मला सांगितलं होतं."

"घरातल्या बाया बोलत न्हाईत दहाव्याला."

"मागच्या महिन्यात सभापतीबाई बोलल्या."

"ती सभापती हाय." मग जरा खाली आवाजात, "पोरी, घराची इज्जत हाय. दुसरं लिहून दे."

"नाही देणार."

ते वळून घरात गेले. मला वाटलं, मी जिंकले. भाषण नाही तर अण्णा उद्या काय बोलणार? त्यांना दोन वाक्यं स्वतःची जुळवता येत नाहीत. एवढं शिकून मला हे सुचलं नाही की माझी सगळी वाक्यं आधीच त्यांच्याकडं आहेत.

सकाळी घाट भरला. चेअरमनची बहीण म्हटल्यावर भरणारच. जन्मभर जिला पाहुण्यांसमोर येऊ दिलं नाही, तिच्यासाठी एवढे पाहुणे. फ्लेक्स लावला होता, त्यावर आत्याचा फोटो. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता, म्हणून माझ्या भावाच्या लग्नातला कापून घेतला होता, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. प्रवचन झालं. आमदार बोलले, म्हणाले त्यागमूर्ती. गुरुजींनी पिंड नेऊन ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळे समोरच्या बाभळीवर होते, खाली येत नव्हते. मग निवेदकानं अण्णांचं नाव पुकारलं.

अण्णांनी मोबाईल काढला, चष्मा लावला. पहिल्याच वाक्याला मला कळलं. 'आज शब्द मुके झाले आहेत.' शेजारच्या म्हातारीचं. कष्टाळू, सोशिक, प्रेमळ. पदर ढळू दिला नाही. आपलं दुःख उंबऱ्याच्या आत ठेवलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरोखरीचं. बायकांचे पदर वर गेले. माझ्या शेजारची आई मान खाली घालून बसली होती. आणि अण्णा वाचत गेले, वाचत गेले, शेवटापर्यंत वाचत गेले.

"त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडं असा मोठा परिवार आहे."

एक क्षण ते थांबले. त्यांच्या ध्यानात आलं, हे मी पाहिलं. मग त्यांनी 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' वाचलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

मूल नाही म्हणून जिला नवऱ्यानं टाकलं, आणि मूल नाही म्हणून आम्ही जिला आयुष्यभर चुलीपाशी बसवलं, तिला घाटावर पाच लेकरं झाली. कोणी हललं नाही. मांडवात गाव होतं, सोयरे होते, तिच्या सासरकडचे दोघे सुद्धा आले होते. कोणाच्याच भुवया वर गेल्या नाहीत. कोणी ऐकतच नव्हतं. इतकी वर्षं मी लिहीत होते आणि कोणी एक शब्द ऐकत नव्हतं.

कावळा शिवत नव्हता. मग नेहमीचं सुरू झालं. इच्छा राहिली असंल, वचन द्या. माझा भाऊ पिंडापाशी जाऊन म्हणाला, गाया विकणार नाही. कावळा नाही आला. चुलते म्हणाले, तुझं वर्षश्राद्ध जोरात करू. नाही. मग अण्णा पुढं गेले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आक्का, काळजी करू नको. पोरीचे हात यंदा पिवळे करतो." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाभळीकडं बघितलं. कावळे बसून होते. त्या कावळ्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हा मी उठले. पिंडापर्यंत जाऊ दिलं नसतं, म्हणून बायकांमध्येच उभी राहिले आणि बोलले. "आत्याला मूल नव्हतं. परिवार नव्हता. ती सोशिक नव्हती, तिला जायला जागा नव्हती. आपण तिला घरात ठेवलं नाही, कामाला ठेवलं. हे तिनं मला सांगायला सांगितलं होतं." माइक नव्हता, पण घाटावर आवाज जातो. सगळ्यांना ऐकू गेलं. या वेळी ऐकलं.

आणि मग मामी उठली, तिनं मला मिठीत घेतलं आणि खाली बसवलं. "लई लळा हुता गं पोरीला," ती म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, पाणी द्या तिला. आमदारांनी हात जोडले. निवेदक माइकवर म्हणाला की भाचीच्या भावना अनावर झाल्या आहेत, आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. सगळे उभे राहिले. मी पण उभी राहिले, मामीनं दंडाला धरलं होतं.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. ऊन चढायला लागलं, पुढाऱ्यांना दुसरा दहावा होता. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. झालं, शिवला, म्हणाले. लोक उठले.

संध्याकाळी मी धारा काढायला बसले. आता सातही गाया आईच्या आणि माझ्या. एम.ए.चं हे शेवटचं सत्र आहे. दुपारनंतरच्या तासांना मी आत्या गेली त्या दिवसापासून गेलेले नाही. मॅडम माझ्या नावावर थांबत असतील, आणि मुली काय सांगत असतील ते मला माहीत आहे. अण्णा गोठ्याच्या दारात आले. आता तरी काही बोलतील असं वाटलं.

"घाईत बाईचं दिसलं ते उघडलं गेलं," ते म्हणाले. "कोनाच्या ध्यानात न्हाई आलं."

मी बादली पुढच्या गायीखाली सरकवली.

"परवा एक दहावा हाय. बाईच हाय."

"मी आता लिहिणार नाही, अण्णा. कधीच."

मला वाटलं होतं या वाक्यानं काहीतरी तुटेल. अण्णांनी मान हलवली, रागानं नाही, समजुतीनं. "नको लिहू," ते म्हणाले. "दमलीस तू. जुनी हायेत की माझ्याकडं. नाव बदललं की झालं." आणि डेअरीकडं गेले.

आई पलीकडच्या गायीखाली होती. मला तिचा फक्त पदर दिसत होता. इतक्या दिवसांत ती आत्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. धारेचा आवाज थांबला.

"तेच ठिवंल तो माझ्यासाठी," ती म्हणाली. "मला पोरं तरी हायेत. माझ्यावर बरोबर बसंल."

आणि ती परत धार काढायला लागली, कारण डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती.